बिडात मोडलेला टॅप

वर्कशॉप बंद करून गाळा मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं द्यायचा, असं घरात ठरलं तेव्हा मी आतल्या खोलीत शेंगा फोडत बसले होते. मला कोणी विचारलं नव्हतं. बाहेर मोठे दीर बोलत होते, सासूबाई मधूनमधून हुंकार देत होत्या आणि माझा नवरा एक अक्षर बोलत नव्हता. दिरांच्या बोलण्यापेक्षा त्याच्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला.

मिरजगावात हायवेला लागून आमचा पत्र्याचा गाळा आहे. नांगर, पेरणीयंत्र, कडबाकुट्टी, पाण्याच्या मोटारी, जे मोडेल ते तिथं यायचं. नवऱ्याला सगळी पंचक्रोशी मिस्त्री म्हणते, म्हणून मीही इथं मिस्त्रीच म्हणते. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मिस्त्रींची मोटारसायकल खडीवरून घसरली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. नगरला ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली, हाड जुळलं. मूठ मात्र आवळेना. चहाचा कप धरता यायचा, पाना ओढता यायचा नाही. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. दोन महिने दाबून चेंडू तसाच राहिला आणि मूठही.

मी शेंगांची टोपली बाजूला सारली आणि बाहेर आले.

"गाळा द्यायचा नाही."

दिरांनी मान वर केली. "मग चालवनार कोन?"

"मी."

ते हसले. वाईट हेतूनं नाही, लहान मूल काही बोललं की हसतात तसं हसले. ते हसणं मला शिवीपेक्षा झोंबलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईमानसानं लोखंड घासायचं व्हय? लोक काय म्हनतील?"

"आत्या, मी माहेरी, अकोले तालुक्यात, गुडघाभर चिखलात भात लावलाय. लोखंड निदान कोरडं तरी असतं."

मिस्त्री उठून गोठ्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची किल्ली मी घेतली आणि शटर वर केलं.

मला काहीच येत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं मी डबा घेऊन जात होते आणि डबा रिकामा होईपर्यंत काहीतरी धरून उभी राहत होते. कधी पट्टी, कधी पाइप, कधी बॅटरी. कोणत्या हत्याराला काय म्हणतात, ते कुठं ठेवतात, सगळं तोंडपाठ होतं. पण नाव माहीत असणं वेगळं आणि हातानं करणं वेगळं, हे पहिल्याच दिवशी कळलं.

मी आटे पाडण्यापासून सुरुवात केली. कारण आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या कामांत तेच असतं: भोकातले आटे झिजलेत, बोल्ट नुसता फिरतो, धरत नाही. भोकात नवे आटे पाडायच्या हत्याराला टॅप म्हणतात. पोलादाचा बोटाएवढा तुकडा, अंगावर आटे आणि उभ्या खाचा. एका मापाचे तीन असतात. पहिला टोकाला निमुळता, तो वाट काढतो. दुसरा खोल जातो. तिसरा साफ करतो. टॅपच्या डोक्यावर दोन दांड्यांचं हँडल बसवायचं आणि दोन्ही हातांनी सारखा भार देऊन फिरवायचं. ऐकायला इतकंच. पण टॅप काचेच्या जातीचा. कठीण आहे म्हणून तो लोखंड कापतो आणि कठीण आहे म्हणूनच जरा तिरका भार पडला की टचकन मोडतो.

भंगारातली एक जाड पट्टी मी बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळली. भोकं पाडली आणि टॅप लावला. पहिल्या चार दिवसांत दोन टॅप मोडले, सहा मापाचे, काडीसारखे बारीक. समोरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं कायम बसलेली असतात. त्यांना करमणूक मिळाली. "मिस्त्रीनबाई, आज किती?" असं एक जण रस्ता ओलांडून विचारून जायचा.

पाचव्या दिवशी मिस्त्री आले. आत आले नाहीत. दाराबाहेर स्टूल ठेवून माझ्याकडं पाठ करून हायवेकडं बघत बसले. मी माझं काम चालू ठेवलं. थोड्या वेळानं टॅप कुरकुरायला लागला.

"तेल," ते म्हणाले. मागं न बघता.

मी तेलाचे दोन थेंब सोडले. कुरकुर थांबली. मी फिरवत राहिले, फिरवत राहिले आणि हँडल जड झालं.

"माघारी फिरव. नुसतं पुढं रेटू नको. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. आत कीस साठलाय, तो तुटू दे."

मागं फिरवलं. आत बारीक कट्ट झालं आणि हँडल पुन्हा हलकं लागलं. दिसत काहीच नव्हतं, पण दोन्ही तळहातांना ते कळलं. मी पट्टी काढून भोकात बोल्ट घातला. बोटांनी फिरवत शेवटपर्यंत गेला. मिस्त्रींनी तेव्हा स्टूल फिरवलं आणि डावा हात पुढं केला. मी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोल्ट काढला, भोक उजेडात धरून बघितलं.

"वाकडं हाय," म्हणाले. "पर आटे चांगले पडलेत."

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. त्यांची नजर आणि कान, माझे हात. माझ्या हातून काही चुकलं की ते स्वतःच्या निकामी हाताकडं बघायचे आणि मग माझ्यावर ओरडायचे. मीही ओरडून घ्यायची. टपरीवरच्यांना आता हेही ऐकायला मिळत होतं.

सहा-सात महिन्यांत किरकोळ कामं मी एकटी करायला लागले. गिऱ्हाईकं दोन तऱ्हेची होती. काही जण मला बघून ट्रॅक्टरवरून खाली न उतरता पुढं निघून जायचे. काही जण थांबायचे, पण बोलायचे मिस्त्रींशी. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मिस्त्रींकडं बघून द्यायचे. मी त्यांना एकच सांगायची, "हत्यार माझ्या हातात आहे, इकडं बोला."

मग ते कुट्टीचं चाक आलं.

शेजारच्या गावातले एक मोठे दूधवाले. पंचवीसेक गाई, गावच्या दूध संस्थेत कधीकाळी पद भोगलेलं, आवाजात अजून त्या पदाचा दाब. सकाळी दहाच्या सुमाराला पिकअपमधून त्यांनी कडबाकुट्टीचं चाक आणून दारात उतरवलं. हे चाक बिडाचं असतं, जड, ओतीव. त्याला दोन पाती बोल्टनं आवळलेली असतात. मोटार चालू झाली की चाक गरागरा फिरतं आणि मका, कडवळ, उसाचं वाढं, जे आत सारू त्याचे तुकडे होतात.

"एक बोल्ट धरत न्हाई," ते मिस्त्रींना म्हणाले. "वेल्डिंगचा टाका मारा अन् द्या. गाया खोळंबल्यात."

मिस्त्रींनी माझ्याकडं बोट केलं. दूधवाल्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा मिस्त्रींकडं वळले. मी चाकाशी बसले. एका बोल्टचे आटे पार गेले होते. बाकीच्या तीन भोकांत मी बोल्ट घालून हलवून बघितला. तिन्हीत खुळखुळत होता.

"दादा, एक नाही, चारी गेलेत. दहाच्या बोल्टचे आटे आहेत. भोकं थोडी मोठी करते आणि बाराचे आटे पाडते. पात्यांच्या भोकांत बाराचा बोल्ट सहज बसतो, मी बघितलंय. दुपारपर्यंत देते."

"वैनी, मी काय सांगितलं? टाका मारा."

"बिडाला टाका धरत नाही. आज धरल्यासारखा वाटेल, आठ दिवसांनी तिथंच तडा जाईल. फिरतं पातं सुटलं तर ते कुठं जाईल, सांगता येतं का?"

"पंधरा वरसं झाली, काय सुटलं न्हाई."

"घरी कुट्टीवर कोण उभं राहतं?"

"सून लावती."

"मग तिला फोन लावा आणि विचारा, टाका मारू का म्हणून. ती हो म्हणाली तर मारते."

टपरीवर कोणीतरी हसलं. दूधवाल्यांचा चेहरा लाल झाला. फोन त्यांनी लावला नाही. खुर्ची ओढून दारातच बसले आणि म्हणाले, "पाडा आटे. मी हितंच हाय. बगतो."

ते बघत बसले. मी ड्रिलनं चारी भोकं मोठी केली. बिडाला आटे पाडताना तेल घालायचं नसतं. पोलादाचा कीस लांब सुटतो, बिडाची नुसती काळी पूड पडते. तेल घातलं की तिचा चिखल होतो. मी टॅप भोकात उभा केला, काटकोनी गुण्या लावून दोन बाजूंनी सरळ आहे ना बघितलं आणि फिरवायला लागले. पहिलं भोक झालं. पूड फुंकून काढली, तीन टॅप एकामागून एक घातले, नवा बोल्ट फिरवून बघितला. दुसरं झालं.

"किती येळ?" दूधवाले म्हणाले. "आमच्या गावातला पोरगा अर्ध्या तासात टाका मारून देतो." मग टपरीकडं तोंड करून, "मिस्त्रीचा हात गेला आन् दुकानाची ही गत झाली."

मिस्त्री तिथंच होते. त्यांनी मान खाली घातली. आणि माझं डोकं फिरलं.

खरं ते सांगते. तिसऱ्या भोकात ओतकामातली एक कडक गाठ होती. हँडलनं ती मला सांगितली होती. फेरा एकदम जड झाला होता. मी थांबायला हवं होतं, टॅप मागं घ्यायला हवा होता. पण माझ्या कानात ते वाक्य होतं आणि हातात राग. मी रेटलं. टच्च. इतका बारीक आवाज, पण टपरीपर्यंत गेला. हँडलमध्ये टॅपचं डोकं तेवढं उरलं. बाकीचा तुकडा भोकात, बिडाच्या वरच्या अंगाशी सपाट, पकडीत धरायला टोकही नाही.

मग दूधवाले उठले. "तरी म्हनत हुतो," एवढंच म्हणाले. हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

मिस्त्री पुढं आले. "चूक माझी हाय, दादा. मीच तिला सांगितलं, मार जोर म्हनून."

मी म्हणाले, "नाही. यांनी काही सांगितलं नाही. टॅप माझ्या हातनं मोडला. रागात होते म्हणून मोडला. चाक दुरुस्त करून देणारही मीच."

दूधवाल्यांनी पिकअपवाल्याला खूण केली. "चाक घाला गाडीत. दुसरीकडं न्हेतो."

पिकअपवाला चाकाजवळ आला. मी चाकाच्या मधल्या भोकात हात घातला आणि तशीच बसून राहिले.

"चाक तुमचंय. पण मोडलेला टॅप आत ठेवून ते माझ्या दुकानातून जाणार नाही. कुणाच्याही ड्रिलनं तो निघायचा नाही, ड्रिल जळेल. मग कोणीतरी शेजारी दुसरं भोक पाडून देईल, नाहीतर तुम्ही तीन बोल्टवर चाक चालवाल. मला दोन तास द्या. नाही निघाला तर नवं चाक आणून देते."

"नवं चाक?" मिस्त्री पुटपुटले.

"हो, नवं."

पिकअपवाला दूधवाल्यांकडं बघायला लागला. दूधवाले माझ्या हाताकडं. बाईच्या हाताला धरून ओढायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडला असणार. बाई असल्याचा मला दुकानात झालेला तेवढाच फायदा. शेवटी ते टपरीवर जाऊन बसले आणि फोनवर मोठमोठ्यानं कुणाला तरी सगळी हकिगत सांगायला लागले.

मी भोकाकडं बघत बसले. हात मांडीखाली दाबून धरले. राग गेल्याशिवाय हत्याराला शिवायचं नाही, असं ठरवलं. मग चाक उलटं केलं. भोक आरपार होतं, तेवढंच दैव. खालून तारेनं काळी पूड खरवडून काढली आणि चाक पुन्हा सुलटं केलं. टॅपला उभ्या खाचा असतात, मोडला तरी त्या राहतात. त्या खाचांत काहीतरी घालून त्याला उलटं फिरवता आलं तर तो निघेल. पण घालायचं काय?

"काँक्रीटचे खिळे," मिस्त्री म्हणाले. "डब्यात हायेत. कडक असत्यात, वाकत न्हाईत. घासून बारीक कर."

मी ग्राइंडरवर तीन खिळे घासले, सुईसारखे. पहिला जास्तच घासला गेला आणि मोडला. दुसरे दोन समोरासमोरच्या खाचांत हातोडीनं हळू ठोकले. दोन्हींची डोकी पकडीत धरली आणि उलटं फिरवायचा प्रयत्न केला. काही नाही. पुन्हा ठोकलं. पुन्हा काही नाही. खिळे निसटले, बोटाचं साल गेलं. रॉकेलचे थेंब सोडून थांबले. मिस्त्री म्हणाले, "उलटं नुसतं ओढू नको. थोडं पुढं, थोडं मागं. सैल होऊ दे त्याला." मी तसं केलं. पुढं, मागं, पुढं, मागं. केसाएवढं काहीतरी हललं. मला भास झाला असं वाटलं, म्हणून मिस्त्रींच्या डाव्या हाताचं बोट मी पकडीवर ठेवलं.

"हललं," ते म्हणाले.

त्यापुढं पाऊण तास लागला. तुकडा वर आला तेव्हा मी तो चिमटीत धरून उभी राहिले आणि टपरीकडं बघितलं. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले नाही. तुकडा डब्याच्या झाकणात टाकला. पहिला टॅप आता उरला नव्हता, पण निम्मी वाट त्यानं पाडून ठेवली होती. मी तीनातला दुसरा टॅप घेतला, गाठीपाशी आल्यावर एका वेळी बोटभरही फिरवला नाही. फिरवायचं, मागं घ्यायचं, पूड फुंकायची. गाठ कापली गेली. मग चौथं भोक, तेही दुसऱ्याच टॅपनं जपून सुरू करून.

दुपारचे तीन वाजले होते. दूधवाले आले. बरोबर एक तरुण बाई होती, डोक्यावर पदर, पायांत चिखलाचे बूट. ती त्यांची सून. स्कूटीवरून आली होती, फोनवर सासऱ्यांचं बोलणं ऐकून. दूधवाल्यांनी चारी बोल्ट स्वतः फिरवून बघितले. एकेक बोल्ट हलवायचा प्रयत्न केला. हलला नाही. पिकअपवाल्याला म्हणाले, "घाला गाडीत."

सून माझ्याजवळ आली. "ताई, हे बोल्ट परत ढिले झाले तर कळंल कसं?"

मी तिच्या हातात पाना दिला. "आवळून बघ. कुट्टी सुरू करायच्या आधी रोज एकदा. आणि मोटार बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावरच हात लावायचा."

तिनं पाना बोल्टला लावला. पहिल्यांदा उलट्या बाजूनं ओढला, मग मी दाखवल्यावर बरोबर ओढला. सासरे बघत होते. ती घाईत नव्हती. चारी बोल्ट एकामागून एक तिनं आवळले आणि मग म्हणाली, "असला पाना कुठं मिळतो?"

"हा घेऊन जा."

"राहू दे, घरी पाने हायेत," दूधवाले म्हणाले.

"ते तुमच्या पेटीत असतेत, मामा," ती म्हणाली. "मला कुट्टीजवळ पायजे." आणि पाना पिशवीत टाकला.

ते गेल्यावर मिस्त्री पुन्हा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "नवं चाक कुठनं आननार हुतीस?"

"माहीत नाही."

ते हसले. अपघातानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं. माझ्या बोटाला त्यांनी एका हातानं, दातात टोक धरून, पट्टी बांधली.

दूधवाल्यांनी गावात काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. कोणी म्हणतं, ते म्हणाले बाईनं टॅप मोडला. कोणी म्हणतं, ते म्हणाले बाईनं चाकाला मिठी मारली. दोन्ही खरंच आहे. पण त्यानंतर त्या गावातून बायका यायला लागल्या. कुणाची गिरणीची जाळी, कुणाचं दूध काढायच्या यंत्राचं झाकण. सून दोनदा येऊन गेली. एकदा तर तिच्या सासूलाच घेऊन आली, शेवयाच्या यंत्राची दांडी बसवायला. दिरांनी गाळ्याचा विषय पुन्हा काढला नाही. सासूबाई मात्र अजून म्हणतात, हातांकडं बघ जरा, काळे झालेत. मी म्हणते, हो, झालेत.

अजूनही काही ट्रॅक्टर दारात थांबतात, मला बघतात आणि पुढं जातात. पूर्वी मी त्यांच्यामागं बघत राहायची. आता बघत नाही. त्या वेळी माझ्या हातात बहुधा काहीतरी आवळलेलं असतं आणि मध्येच सोडून चालत नाही. परवा एकानं जाताना खिडकीतून विचारलं, "पुरुष मानूस न्हाई का कुनी?" मिस्त्री स्टुलावरून म्हणाले, "हाय की. पर मला काम येत न्हाई."